दोरा, घड्याळ आणि आगगाडी

बालमित्रांनो, आमच्या कुरुळीत काय नाही ते विचारा! पुणे-नाशिक रस्ता आहे, त्यावरून रात्रंदिवस धावणारे कंटेनर आहेत, कारखाने आहेत, कारखान्यांच्या बसगाड्या आहेत. नाही ती फक्त रेल्वे. इथल्या मुलांना आगगाडी बघायची तर आकुर्डी नाहीतर तळेगाव गाठावं लागतं. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, पण शिट्टी काही अजून ऐकू आलेली नाही.

पण गंमत बघा, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना रेल्वेची माहिती माझ्यापेक्षा जास्त! कारण त्यांचे आईवडील कामासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून इथं आलेले. मी इथल्या एका प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. दर जूनमध्ये वर्गात चार-पाच नवे चेहरे येतात आणि दर मेमध्ये चार-पाच ओळखीचे चेहरे निघून जातात. आमच्या हजेरीपटाला हे सवयीचं झालंय.

अशीच एक मुलगी मागच्या वर्षी सातवीत आली. गंगाखेडकडची. वडील एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. पहिले दोन महिने ती जेमतेम ‘हजर’ एवढंच बोलली. एकदा प्रवासाचा विषय निघाला, तेव्हा मात्र पटकन म्हणाली, “बाई, गाडी कुठं आली ते मी डोळे मिटून सांगते.”

“ते कसं गं?”

“परभणी सोडली ना, की गंगाखेडच्या अलीकडं गोदावरीचा पूल लागतो. पुलावर गाडीचा आवाज बदलतो. आवाज बदलला की आई पिशव्या आवरायला घेते.”

मला माझे दौंडचे आजोबा आठवले. लहानपणी आजोळी जाताना त्यांनी मला एक युक्ती शिकवली होती. पूर्वी रुळाचा एकेक तुकडा १३ मीटरचा असायचा आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर चाक ‘खडखट’ वाजायचं. आजोबा घड्याळ धरून म्हणायचे, “४७ सेकंदांत किती वेळा वाजलं ते मोज. जितके आवाज, तितके किलोमीटर ताशी वेग!” हिशेब करून बघा, जवळजवळ अगदी बरोबर येतो. आता बहुतेक ठिकाणी रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात, त्यामुळे तो आवाज हरवला. पण आजोबांची युक्ती काही मी विसरले नाही.

दिवाळीच्या आधी आमची सहल पुण्याला गेली. कोथरूडमध्ये जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथं! भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. एका दालनात अख्खं गावच मांडलंय म्हणा ना! स्टेशनं, सिग्नल, रस्ते, डोंगर, टीचभर माणसं आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या. खऱ्या गाडीच्या ८७व्या हिश्शाएवढी ही गाडी. म्हणजे आपण ८७ पट लहान झालो, तर तिकीट काढून सहज आत बसू! त्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. त्याला ८७नं गुणा, उत्तर सुमारे १४३५ येईल. जगातल्या पुष्कळ देशांत खऱ्या रुळांमध्ये एवढेच मिलिमीटर अंतर असतं. आपल्या देशातली मोठी लाइन त्याहून रुंद आहे, १६७६ मिलिमीटर.

खोलीत अंधार झाला, इवल्या इवल्या खिडक्यांतून दिवे लागले आणि पोरांनी “ओऽऽ” केलं. मग प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या दप्तरात पुस्तकं असोत-नसोत, पक्कड नक्की असते. म्हणून सगळे त्याला ‘पक्कड’च म्हणतात. तो म्हणाला, “बाई, ही गाडी खरी असती तर किती वेगानं पळाली असती?”

मी म्हटलं, “समज, ती सेकंदाला २० सेंटिमीटर जाते. म्हणजे तासाला ७२० मीटर. आता ८७नं गुण.”

“साठ किलोमीटरच्या वर, बाई!” पोरं ओरडली.

तेवढ्यात गंगाखेडकरीण हळूच म्हणाली, “पण बाई, गाडी बोगद्यात गेली की चालवणाऱ्याला कसं कळतं कुठं आहे ते? तिथं तर पूल पण नाही.”

या प्रश्नाचं उत्तर काही मला लगेच देता आलं नाही. परतीच्या वाटेवर बसमध्ये ठरलं, की यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला आपण हेच करायचं. गाडीचा वेग मोजायचा आणि न बघता गाडी कुठं आहे ते सांगायचं.

चाकणच्या बाजारातून सेलवर चालणारी खेळण्यातली आगगाडी आणली. रूळ जोडले की लांबट गोल तयार व्हायचा. आता इलेक्ट्रॉनिक्सचं काय? ते काही डी.एड.ला शिकवलं नव्हतं! पण आमच्या शाळेचाच एक जुना विद्यार्थी आयटीआय करून जवळच्या कारखान्यात लागलाय. तो दादा धावून आला. म्हणाला, “बाई, आमच्या लाइनवर हेच तर असतं. पट्ट्यावरून पार्ट गेला की सेन्सरच्या प्रकाशाआड येतो, की एक आकडा वाढला. तुमची गाडी म्हणजे एक लांब पार्टच समजा.” त्यानं पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान आणून दिलं. प्रकाश टाकणारे दोन दिवे, तो प्रकाश ओळखणारे दोन ‘डोळे’ आणि हिशेब करणारं तळहाताएवढं आर्डुइनोचं सर्किट. २००५च्या सुमारास इटलीतल्या काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून ते तयार केलं. शिक्षकांनी, बरं का!

दिवे इन्फ्रारेडचे होते. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमध्येही तोच असतो. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटच्या पुढच्या टोकाकडे धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाइलमध्ये जांभळट ठिपका चमकताना दिसेल.

रुळाच्या एका बाजूला दिवा, समोर डोळा. ही झाली एक ‘चौकी’. पुढे दुसरी चौकी. इंजिनाचं नाक पहिल्या चौकीत प्रकाश अडवतं, तिथं वेळ सुरू. दुसऱ्या चौकीत अडवतं, तिथं वेळ बंद. सर्किट सेकंदाचा हजारावा भाग मोजतं. चौक्यांमधलं अंतर भागिले वेळ, की झाला वेग! किती सोपं, नाही?

पण पहिल्या दिवशी गाडी सेकंदाला ९ मीटर पळाली! म्हणजे सर्किटनं तसं सांगितलं. दोन डब्यांमधल्या फटीतून प्रकाश आरपार जायचा आणि सर्किटला वाटायचं, आणखी एक गाडी आली. मग दादानं त्याला शिकवलं, की एकदा इंजिन दिसलं की पाच सेकंद कुणाकडे बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीतून ऊन आलं आणि चौक्या आंधळ्याच झाल्या. उन्हातही इन्फ्रारेड असतोच ना! पोरांनी खिडक्या लावून घेतल्या. शेवटी एकदाचा खरा आकडा आला. वेळ २.५ सेकंद, अंतर ५० सेंटिमीटर, वेग सेकंदाला २० सेंटिमीटर. संग्रहालयात मी अंदाजानं बोलले होते, नेमका तोच! मी इतकी खूश झाले, की लगेच मोठ्या अक्षरांत तक्ता लिहायला घेतला.

आणि इथंच माझं चुकलं.

सगळे तक्ता रंगवत होते, तेव्हा गंगाखेडची ती मुलगी एकटीच गाडीपाशी बसली होती. तिनं रुळाच्या कडेकडेनं दोरा ठेवला. पूर्ण फेरी भरली ३०८ सेंटिमीटर. मग आपलं मनगटी घड्याळ काढून तिनं एका फेरीचा वेळ मोजला. १३ सेकंद. वहीत भागाकार केला आणि माझ्याकडे आली.

“बाई, माझं २३.७ येतंय.”

मी घाईत होते. म्हटलं, “अगं, तुझं घड्याळ सेकंदाच्या पुढचं दाखवत नाही. सर्किट हजारावा भाग मोजतं. तुझं बटण दाबायला उशीर झाला असेल.”

“मी पाच वेळा मोजलंय बाई.”

“मग पाच वेळा उशीर झाला असेल!” मी हसत म्हणाले. सगळा वर्ग हसला.

ती नाही हसली. वही मिटून जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही ती ‘हजर’पलीकडे एक शब्द बोलली नाही. गाडीच्या जवळ फिरकलीसुद्धा नाही. मला कळत होतं, पण वळत नव्हतं. प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. म्हटलं, होईल ठीक.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटली. आमच्या शाळेच्या पुढे रस्ता एका शेताला मोठा वळसा घालून जातो. मी नेहमीसारखी रस्त्यानं निघाले. पक्कड आणि कंपनी शेताच्या बांधावरून आडवी पळाली. मी वळण संपवून पाहते तर पोरं माझ्या आधी पोहोचून पेरू खात उभी!

“बाई, तुम्ही गोल आला, आम्ही सरळ आलो!” पक्कड म्हणाला.

मी जागच्या जागी थांबले. गोल आणि सरळ! आमच्या दोन्ही चौक्या रुळाच्या वळणावर होत्या. प्लगचा बोर्ड त्या बाजूला होता म्हणून आम्ही तिथंच लावल्या होत्या. आणि मी त्यांच्यामधलं अंतर कसं मोजलं होतं? फळ्याची लाकडी मीटरपट्टी ठेवून. सरळ! गाडी बिचारी बांधावरून थोडीच जाते? ती तर रस्त्यानं, वळसा घालूनच जाणार.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चूक लक्षात आली म्हणून नव्हे. चूक दुरुस्त करणं सोपं होतं, रबरानं तक्ता खोडला की झालं. पण मी तिला वर्गासमोर हसले होते. नव्या गावात, नव्या शाळेत, दोन महिन्यांनी तोंड उघडलेल्या मुलीला! आणि तेही तिचं बरोबर असताना. तिची वही उघडून बघायला मला दोन मिनिटंही लागली नसती.

सकाळी वर्ग भरल्यावर मी तिला पुढे बोलावलं. तिच्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं. म्हटलं, “या चौकीपासून त्या चौकीपर्यंत रुळाच्या कडेनं मोज.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून हळूहळू दोरा ठेवत गेली. दोरा पट्टीवर धरला. ५९ सेंटिमीटर!

“५९ भागिले २.५,” मी वर्गाला म्हटलं. पेन्सिली चालल्या. “२३.६,” कुणीतरी म्हणालं. मग वर्ग एकदम शांत झाला. तिचे २३.७, सर्किटचे २३.६. साध्या घड्याळानं मोजताना तेवढा फरक पडायचाच.

मी म्हटलं, “मुलांनो, परवा माझं चुकलं. हिनं बरोबर मोजलं होतं आणि मी तिचं ऐकून न घेता हसले. तुम्हीही हसलात, कारण बाई हसल्या. तुमची चूक छोटी, माझी मोठी.”

असं वर्गासमोर बोलताना घसा कोरडा पडतो, बरं का! डी.एड.ला पाठ घेताना पडायचा, तसाच. पण ती काय म्हणाली, ऐका.

“बाई, सर्किटचं पण नाही चुकलं. त्यानं वेळ बराबर सांगितला होता. अंतर तर त्याला आपणच सांगितलं होतं.”

इतकं नेमकं मला दहा तक्ते लिहूनही सांगता आलं नसतं! यंत्राला एवढंच कळत होतं, की प्रकाश कधी अडला. ५० हा आकडा आमचा होता आणि तो चुकीचा होता. हजारावा भाग मोजणारं घड्याळ आणून काय उपयोग, पट्टीच वाकडी धरली तर? खरं तर सरळ धरली तर!

त्या दिवसापासून आमची गंगाखेडकरीण गाडीची स्टेशनमास्तर झाली. आता राहिला होता तिचा स्वतःचा प्रश्न, बोगद्यात गाडी कुठं? आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याचा लांब बोगदा केला. पहिल्या चौकीपासून ४ सेकंद झाले, वेग २३.६, म्हणजे गाडी ९४ सेंटिमीटर पुढे असणार. बोगद्यावर ठिकठिकाणी छोटे दिवे लावले. आत गाडी जिथं असेल, तिथला दिवा वर लागायचा. बघणाऱ्याला जादूच वाटायची!

पण सेल उतरायला लागला, की गाडी मंद व्हायची आणि दिवा पुढे पळायचा. गाडी मागेच! यावर उपाय तिनंच सुचवला. “बाई, पुलासारखं करू. चौकी आली की मागचं सगळं विसरायचं आणि तिथून पुन्हा मोजायचं.” तसं केलं. प्रत्येक चौकीपाशी चूक पुसली जायची. वेगही दर फेरीला नव्यानं मोजला जायचा.

आणि मुलांनो, खऱ्या रेल्वेतही हेच चालतं! रेल्वेच्या डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं असतं. एक फेरी झाली की गाडी सुमारे २.८७ मीटर पुढे जाते. फेऱ्या मोजल्या की अंतर कळतं. पण चाक झिजतं, कधी घसरतं, मग हिशेबात चूक साचत जाते. म्हणून आपल्या रेल्वेच्या ‘कवच’ या सुरक्षा यंत्रणेत रुळांच्या मधे, स्लीपरवर छोटे टॅग बसवलेले असतात. इंजिन त्यांच्यावरून गेलं की टॅग सांगतो, तू अमुक ठिकाणी आहेस. म्हणजे गोदावरीचा पूलच की! शिवाय काही ठिकाणी रुळांतून थोडी वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं आणि धुरा दोन्ही रूळ जोडतात आणि सिग्नलला कळतं, इथं गाडी आहे. ही युक्ती अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली शोधली. काही ठिकाणी चाकंच मोजतात. आत जितकी गेली तितकी बाहेर आली, तरच रस्ता मोकळा. एक जरी कमी भरलं, तरी मागच्या गाडीला थांबा म्हणायचं. तिथं अंदाज चालत नाही. हजारो माणसं आत बसलेली असतात.

प्रदर्शनात आम्ही दोन तक्ते शेजारी शेजारी लावले. एकावर ‘चुकलेला वेग २०’, दुसऱ्यावर ‘बरोबर वेग २३.६’. मध्ये तो दोरा चिकटवला. एका परीक्षकांनी विचारलं, “चुकलेला तक्ता कशाला लावलात?”

स्टेशनमास्तर म्हणाली, “तो काढला तर दोरा कशाला लावलाय ते कळणार नाही, सर.”

आमचा नंबर आला नाही. पक्कडला फार वाईट वाटलं. मलाही थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात तिच्या वडिलांचं काम संपलं. दाखला न्यायला ते दोघं आले. वडील म्हणाले, “बाई, पोरगी इथं बोलायला लागली.” मी मान हलवली. मला काय बोलावं ते सुचेना. जाताना तिला दोऱ्याचं रीळ दिलं आणि आजोबांची दुसरी युक्ती सांगितली. रुळाच्या कडेला किलोमीटरच्या खुणा असतात. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं आणि ३६००ला त्यानं भागायचं. झाला ताशी वेग!

त्या संध्याकाळी त्यांच्या फोनवरून फोन आला. मागे गाडीचा आवाज.

“बाई, दौंड गेलं. एक किलोमीटरला चाळीस सेकंद. म्हणजे नव्वद!”

“कितीदा मोजलंस?”

“तीनदा. आणि यावेळेला घड्याळ बाबांनी धरलंय, मी खुणा बघतीय.”

“पूल आला की सांग हं,” मी म्हटलं.

रात्री फोन आला नाही. सकाळी आला. “बाई, पूल आला होता. मी झोपले होते, पण कळलं मला.”

बालमित्रांनो, आता सुट्टीत गावाला जाल, तेव्हा तुम्हीही एखादा वेग मोजून बघा. आगगाडी नसेल तर एसटीतून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजा. आणि उत्तर मोठ्यांच्या उत्तराशी जुळलं नाही, तर वही मिटू नका. पुन्हा एकदा मोजा आणि पुन्हा एकदा सांगा. ऐकून घ्यायचं काम आमचं, मोठ्यांचं!